आय५-२४०० की आय३-३२२०? दोन जुने प्रोसेसर घरच्या घरी तोलून बघताना

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचं आडतीचं दुकान आहे. गादीशेजारच्या टेबलावर एक काळा डेस्कटॉप आहे. त्यावर टॅली चालतं, जीएसटीचं पोर्टल उघडतं, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या निघतात आणि दुपारी सौदे आटोपले की यूट्यूबवर भजनं लागतात. आत इंटेलचा आय५-२४०० हा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. गेल्या वर्षी तो इतका रेंगाळायला लागला की मामांनी दुसरा बघायला घेतला. जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या एकाने त्यांना आय३-३२२० वाला डबा दाखवला आणि वर सांगितलं, "तुमचा सेकंड जनरेशन, हा थर्ड. नवा आहे, घेऊन टाका."

मामांचा फोन आला. "आरं, थर्ड म्हणजे सेकंडपेक्षा भारीच की नाही?"

मी म्हटलं, "मामा, दोन दिवस तो डबा मागून ठेवा, मी येतो आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतो."

बघितलं, आणि पहिल्याच चाचणीत मामांचा आय५ मागे पडला. मामा माझ्याकडे बघून नुसते हसले. माझा मात्र विश्वास बसेना, कारण कागदावरचं गणित बरोबर उलटं सांगत होतं. मग कॅबिनेटचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये, पिवळाधमक थर बसला होता. यार्डातली कित्येक वर्षांची हळद. वारा आत शिरायलाच जागा नव्हती. प्रोसेसर तापायचा आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा. गिगाहर्ट्झ या वेगाच्या मापात तीनच्या वर धावायला हवा तो दोनच्या घरात घुटमळत होता. म्हणजे मी प्रोसेसर मोजतच नव्हतो, हळद मोजत होतो.

तेव्हापासून मी ज्या क्रमाने दोन जुने प्रोसेसर तपासतो तो क्रम इथे लिहितो. उदाहरण या दोघांचंच घेतो, पण रीत कुठल्याही जोडीला लागू पडेल.

आधी नाव नीट वाचा

कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका. स्टिकर पाच रुपयाला मिळतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूवर टिचकी मारा. उजवीकडे वरती प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं आणि खाली दोन ओळी असतात, कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स. कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष राबणारा भाग, आणि लॉजिकल प्रोसेसर किंवा थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामाची रांग. या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या, पुढे त्यांच्यावरच बरंच काही अवलंबून आहे. सोबत सीपीयू-झेड हा फुकटचा छोटा प्रोग्रॅमही टाकून घ्या. रॅम (चालू कामापुरती स्मृती) किती पट्ट्यांत आहे, मदरबोर्डचा (सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डचा) चिपसेट, म्हणजे त्यावरची जोडणी सांभाळणारी चिप कोणती, हे सगळं तो सांगतो.

इंटेलच्या त्या काळातल्या नावात आय५ किंवा आय३ ही पायरी, आणि पुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. २४०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, ३२२० मधला ३ म्हणजे तिसरी. विक्रेता पिढीचा आकडा सांगतो आणि पायरी गिळून टाकतो. तिथेच गल्लत होते.

आता दोघांची कुंडली. आय५-२४०० जानेवारी २०११ मधला, सँडी ब्रिज घराण्यातला, ३२ नॅनोमीटरचा (हे चिपवरच्या बारीक घडणीचं माप). चार कोर, चार थ्रेड. मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बोने, म्हणजे गरजेला आपोआप वाढणाऱ्या वेगाने, एका कोरवर ३.४ पर्यंत जातो. कॅश (प्रोसेसरमधली छोटी जलद स्मृती) ६ एमबी, टीडीपी (उष्णतेचा अंदाज, त्याचं पुढे सांगतो) ९५ वॅट. आय३-३२२० सप्टेंबर २०१२ मधला, आयव्ही ब्रिज, २२ नॅनोमीटर. दोन कोर, पण हायपर-थ्रेडिंगमुळे (ते काय ते लगेच पुढे येतं) थ्रेड चार. वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही. कॅश ३ एमबी, टीडीपी ५५ वॅट. ग्राफिक्स दोघांतही आतलंच आहे. पहिल्यात एचडी २०००, दुसऱ्यात एचडी २५००. दुकानाच्या कामाला दोन्ही सारखेच, आणि गेम खेळायला दोन्ही सारखेच निरुपयोगी.

चार चौकटींची फसगत

टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या आलेखावर उजवी टिचकी देऊन लॉजिकल प्रोसेसर्स निवडलं की दोन्ही मशीनवर चार चौकटी दिसतात. मामा म्हणाले, "दोन्हीकडं चारच हाईत की!" दिसायला चारच. पण आय५ मध्ये त्या चार चौकटींमागे चार कोर आहेत आणि आय३ मध्ये दोनच.

यार्डातलंच उदाहरण घ्या. चार हमाल चार थप्प्या उचलतायत, हा आय५. दोन हमाल आणि थप्प्या चार, हा आय३. एका थप्पीचं पोतं काट्यावर चढून वजन होईपर्यंत हमाल मोकळा उभा असतो, तेवढ्यात तो दुसऱ्या थप्पीचं पोतं हलवतो. हेच हायपर-थ्रेडिंग. मोकळा जाणारा वेळ वापरला जातो, पण त्याने हमालाला आणखी दोन हात फुटत नाहीत. कामावर अवलंबून साधारण २० ते ३० टक्के जास्त काम निघतं. काही कामांत त्याहून कमी, क्वचित काहीच नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आय३ वर टास्क मॅनेजर ५० टक्के दाखवतो तेव्हा अर्धी ताकद शिल्लक आहे असं वाटतं. पण दोन थ्रेड दोन वेगळ्या कोरवर पूर्ण चालू असले की आकडा ५० टक्केच दिसतो, आणि तिथे दोन्ही हमाल आधीच घामाघूम झालेले असतात. उरलेल्या ५० टक्क्यांत मिळणार ते फक्त वरचं २०-३० टक्के. म्हणजे ५० वर असताना आय३ ने आपल्या एकूण ताकदीपैकी जवळजवळ ८० टक्के देऊन टाकलेली असते. आय५ वरचे ५० टक्के मात्र खरोखर अर्धे असतात. म्हणून दोन मशीनच्या टक्केवारीची तुलना करू नका. काम पुरं व्हायला लागलेल्या वेळाची करा.

कागदावरचं गणित

चाचणीला बसण्याआधी उत्तर साधारण काय यायला हवं ते काढून ठेवा. हळद पकडली गेली ती या गणितामुळेच.

एका कोरचं काम आधी. सँडी ब्रिजवरून आयव्ही ब्रिजवर जाताना त्याच क्लॉकला, म्हणजे तेवढ्याच गिगाहर्ट्झला, साधारण पाचेक टक्के जास्त काम निघतं. म्हणून आय३ चे ३.३ हे आय५ च्या भाषेत ३.३ गुणिले १.०५, म्हणजे ३.४७ च्या आसपास. आय५ एका कोरवर टर्बोने ३.४. जवळजवळ बरोबरी. असलाच तर आय३ केसभर पुढे.

आता सगळे कोर एकदम. आय५ चे चार गुणिले ३.१ म्हणजे १२.४. टर्बोचं वरचं थोडंसं सोडून देऊ. आय३ चे दोन गुणिले ३.३ म्हणजे ६.६, पिढीचे पाच टक्के धरून ६.९, हायपर-थ्रेडिंगचे २० ते ३० टक्के धरून ८.३ ते ९. आता १२.४ ला याने भागा. आय५ साधारण १.४ ते १.५ पट यायला हवा.

थोडक्यात अपेक्षा अशी: एकेरी कामात बरोबरी, एकदम चार कामं असली तर आय५ जवळजवळ दीडपट. चाचणीत यापेक्षा फार वेगळं काही आलं तर प्रोसेसरला दोष देण्याआधी मशीन उघडा.

दोघांना एका पातळीवर आणा

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. एकात एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची जलद डिस्क, आणि दुसऱ्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर तुलना प्रोसेसरची होत नाही, डिस्कची होते. एकात चार जीबी रॅम आणि दुसऱ्यात आठ, तरी तेच. विक्रेत्याच्या डब्यात एसएसडी होती, मामांच्या डब्यात दहा-बारा वर्षांची हार्ड डिस्क. दुकानात बसून नुसतं बघणाऱ्याला आय३ विजेसारखा वाटणारच!

या जोडीचं सुदैव असं की दोघांचा सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा, एकच आहे, एलजीए ११५५. म्हणजे एकाच मदरबोर्डवर, त्याच रॅमवर, त्याच एसएसडीवर आधी एक प्रोसेसर बसवून मोजायचं, मग दुसरा. याहून न्याय्य तुलना नाही. पण दोन अटी आहेत. एक, मदरबोर्डचा चिपसेट. एच६१ वर तिसरी पिढी चालते, पण बायोस, म्हणजे बोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, ताजं हवं. बी७५ किंवा एच७७ असेल तर प्रश्नच नाही. कार्यालयांतून येणाऱ्या बऱ्याच जुन्या ब्रँडेड डब्यांत क्यू६५ किंवा क्यू६७ असतो, त्यावर तिसऱ्या पिढीला अधिकृत आधार नाही. दोन, बायोस अपडेट दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यायचं. आधी आय३ बसवला आणि बायोस जुनं असलं तर स्क्रीन काळीच राहील. आणि हे अपडेट यूपीएसवर करा. मधे लाईट गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात तर यार्डात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो.

प्रोसेसर काढताना आधी दहा मिनिटं मशीन चालू ठेवून गरम होऊ द्या, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट सुटते. मग बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. इंटेलच्या मूळ पंख्याला चार खुंट्या असतात. त्यांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवली की सुटतात. हीटसिंक सरळ वर ओढू नका, हलकेच डावीउजवीकडे फिरवून मोकळा करा. प्रोसेसरला खाली पिना नाहीत. पिना बोर्डवरच्या सॉकेटमध्ये आहेत, केसाएवढ्या बारीक, अकराशे पंचावन्न. त्यांना बोट, फडकं, फुंकर काहीही लावायचं नाही. एक पिन वाकली की बोर्ड गेलाच समजा. प्रोसेसरच्या कडेला दोन खाचा असतात, त्या सॉकेटच्या दोन उंचवट्यांवर बसल्या की तो आपोआप जागेवर येतो. दाब द्यावा लागला तर काहीतरी उलटं आहे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, औषधाच्या दुकानात विचारलंत तर मिळेल. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या डाळीएवढी. पसरवायची नाही, हीटसिंकच्या दाबाने ती पसरते. लोक पोळीला तूप लावावं तशी लावतात, आणि ती कडेने ओघळते. खुंट्या तिरक्या जोडीने दाबा, आणि चारही खालून बोर्डच्या आरपार आल्यात का ते टॉर्चने बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक एका बाजूला उचलला जातो, प्रोसेसर तापतो आणि आपण पुन्हा भलतंच काहीतरी मोजत बसतो.

हे सगळं करायची हिंमत नसेल तर काही बिघडत नाही. दोन वेगळ्या मशीनमध्ये निदान रॅम आणि एसएसडी आळीपाळीने एकच वापरा. रॅमच्या दोन पट्ट्या घाला, एक नको. दोन पट्ट्यांनी रॅमचा रस्ता दुपदरी होतो आणि काही चाचण्यांत फरक दिसतो. दोन्हीकडे विंडोजची आवृत्ती एकच ठेवा, आणि पॉवर प्लॅनमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. विंडोज अपडेट आणि अँटीव्हायरसची तपासणी उरकली आहे याची खात्री करा. विंडोज नुकतंच सुरू झालेलं असताना पहिली दहा मिनिटं कुठलाही आकडा घेऊ नका.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाण्यात राहिलेली यंत्रं धुऊन, वाळवून बाजारात येतात. जुना डबा घेताना पॉवर सप्लायच्या जाळीतून आत टॉर्च मारा. कोपऱ्यात बारीक गाळ, स्क्रूच्या डोक्यावर गंज, बोर्डच्या टाक्यांवर पांढरा थर, यातलं काहीही दिसलं तर प्रोसेसर कोणता हा प्रश्नच उरत नाही. घेऊच नका.

चाचण्या

पहिली सिनेबेंच आर१५. जुनी आवृत्ती आहे, पण या पिढीला तीच सोयीची. हा प्रोग्रॅम एक चित्र रंगवतो आणि किती वेळात रंगवलं त्यावर गुण देतो. फाइल मेनूत ॲडव्हान्स्ड बेंचमार्कवर (बेंचमार्क म्हणजे वेग मोजायची चाचणी) खूण केली की एका कोरची चाचणीही दिसते. दोन्ही करा. प्रत्येक तीन वेळा, आणि तीन आकड्यांतला मधला घ्या. सरासरी नको, कारण एखादा आकडा मधेच काहीतरी चालू झाल्याने घसरतो आणि सरासरीला खाली ओढतो.

दुसरी सेव्हन-झिप. फाइल आवळायचा हा प्रोग्रॅम तसाही प्रत्येकाकडे असतो. टूल्स मेनूत बेंचमार्क आहे. तिथे थ्रेडची संख्या आपल्या हाताने बदलता येते, म्हणून मला ही चाचणी सगळ्यात आवडते. आधी १ थ्रेड, मग २, मग ४ ठेवून आकडे लिहून घ्या. आय५ वर दोनावरून चारावर जाताना आकडा जवळपास दुप्पट होतो. आय३ वर तो थोडासाच वाढतो, कारण तिसरा आणि चौथा थ्रेड आधीच्याच हमालांच्या डोक्यावर पडतो. चार चौकटींचं गुपित इथे आकड्यांत दिसतं. यात आवळण्याचा आणि सोडवण्याचा असे दोन आकडे येतात. आवळणं कॅश आणि रॅमच्या वेगावर जास्त चालतं, सोडवण्यात हायपर-थ्रेडिंगचा फायदा जास्त दिसतो. म्हणून आय३ सोडवण्यात जरा बरा दिसला तर बुचकळ्यात पडू नका.

या दोन्ही चाचण्या चालू असताना शेजारी एचडब्ल्यू-इन्फो हा प्रोग्रॅम उघडा ठेवा आणि तीन गोष्टी बघा: तापमान, प्रत्यक्ष क्लॉक, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग उतरण्याच्या) रकान्यात येस आलं का. रिकामं असताना क्लॉक १.६ गिगाहर्ट्झ दिसला तर घाबरायचं नाही, काम नसलं की हे प्रोसेसर वीज वाचवायला वेग उतरवतात. काम चालू असताना आय५ ३.१ च्या खाली किंवा आय३ ३.३ च्या खाली गेला, तर मात्र थांबायचं, साफ करायचं आणि चाचणी पहिल्यापासून. मामांच्या मशीनचं हेच झालं होतं. साफ करून, पेस्ट लावून पुन्हा घेतली तेव्हा कागदावर काढलेला क्रम आला. एकेरीत दोघं खांद्याला खांदा, चौकडीत आय५ बराच पुढे.

एकदा धावून थांबू नका. सिनेबेंच दहा मिनिटं पुन्हा पुन्हा लावा. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात लक्षणीय घसरण असेल तर थंडावा अपुरा आहे. एप्रिल-मेच्या सांगलीत, पत्र्याखालच्या दुकानात, ही चाचणी दुपारी दोन वाजता घ्यावी. पहाटे घेतलेला आकडा मामांच्या कामाचा नाही.

मग खरं काम. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. मी हे मोजलं: टॅली उघडून कंपनी निवडण्यापर्यंतचा वेळ, वर्षाचा खातेवहीचा अहवाल पीडीएफ करणं, ब्राउझरमध्ये जीएसटी, बँक, मेल आणि बाजारभाव अशा दहा पानांसह टॅलीत नोंद टाकणं. पहिल्या दोहोंत दोन्ही प्रोसेसरमध्ये स्टॉपवॉचने पकडावा असा फरक नव्हता. काम चालू असताना टास्क मॅनेजर बघितला तर एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, म्हणजे चारांतला एकच थ्रेड राबत होता. जिथे एकच थ्रेड राबतो तिथे आय५ चे उरलेले तीन कोर गादीवर बसून असतात. तिसऱ्या कामात, ब्राउझर आणि टॅली एकदम चालताना, आय३ अडखळायचा. टंकलेलं अक्षर किंचित उशिरा उमटायचं.

यूट्यूबचं वेगळं सांगायला हवं. ते आजकाल बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीत पाठवतं. या दोन्ही प्रोसेसरांच्या ग्राफिक्सला त्या उलगडता येत नाहीत, ते ओझं कोरवर पडतं. एच.२६४ मात्र दोघांचंही ग्राफिक्स सहज उलगडतं. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारी छोटी एक्स्टेन्शनं मिळतात. ती टाकली की भजनं चालू असतानाही बिलं निघतात. फुकटात मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा.

आय३-३२२० मध्ये एक उणीव अशी आहे की वरच्या चाचण्यांत ती दिसत नाही. त्यात एईएस-एनआय नाही, म्हणजे डेटा कुलूपबंद करण्याची खास सोय. आय५-२४०० मध्ये ती आहे. सगळी डिस्क बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूपबंद ठेवायची असेल तर हा फरक जाणवतो. व्हेराक्रिप्टच्या टूल्स मेनूत स्वतःचा बेंचमार्क आहे, त्यात एईएसचा आकडा दोन्हीकडे बघा, डोळ्यांत भरेल. ज्याला डिस्क कुलूपबंद करायची नाही त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट आय३ च्या विरोधात जाते. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या. दोन्ही प्रोसेसर त्यात येतात आणि दोघांनाही दुरुस्त्यांचा थोडा भुर्दंड बसतो. पुढे निघालेल्या काही त्रुटींत सावधगिरी म्हणून हायपर-थ्रेडिंग बंद करण्याचाही सल्ला दिला गेला. आय५-२४०० ला ते मुळातच नाही, त्याचं काही जात नाही. आय३ चं ते बंद केलं तर हातात उरतात नुसते दोन कोर.

वीज

९५ आणि ५५ वॅट हे आकडे बघून मामा दचकले. टीडीपी म्हणजे मीटर नव्हे. पूर्ण ताकदीने चालताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा तो अंदाज आहे. तरीही सगळ्यात वाईट बाजू धरू: फरक ४० वॅट, रोज आठ तास, महिन्याला २६ दिवस. गुणाकार ८.३ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ८३ रुपये. पण दुकानातला प्रोसेसर आठ तास पूर्ण ताकदीने कधीच चालत नाही. तासभर चालला तर फरक महिन्याला एका युनिटचा. दहा रुपये. बाकी वेळ दोघंही निवांत असतात आणि निवांतपणात फारसा फरक नाही. प्लगमध्ये लावायचं वॅट-मीटर मिळतं. तेवढी हौस असेल तर लावून बघा.

फरक पडतो तो यूपीएसला. बिल छापताना लाईट गेली तर कमी वॅटचं मशीन दोन-चार मिनिटं जास्त तगतं. आणि जो डबा चोवीस तास चालू राहणार आहे, समजा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, छोट्या बंदिस्त कॅबिनेटमध्ये, तिथे मी आय३ च घेईन.

मग मामांनी काय केलं

विक्रेत्याचा डबा परत गेला. आय५ ठेवला, त्याला २५६ जीबीची एसएसडी लावली, रॅम चार जीबीची एक पट्टी होती तिच्या जोडीला दुसरी तशीच. एच६१ बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग अर्धाच, म्हणजे ३ गिगाबिट, त्यामुळे एसएसडी पूर्ण ताकदीने धावत नाही. पण जुन्या हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला ते कळतही नाही. दोन प्रोसेसरांमधला सगळा फरक एकीकडे आणि एसएसडीने पडलेला फरक दुसरीकडे ठेवला तर दुसरं पारडं जमिनीला टेकेल.

पैसे घालायचेच असतील आणि बोर्ड तिसरी पिढी घेत असेल, तर या दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ करून द्या. आय५-३४७० बघा: चार कोर, २२ नॅनोमीटर, ३.२ पासून टर्बोने ३.६ पर्यंत, टीडीपी ७७. आय५ चे कोर आणि आय३ ची पिढी, दोन्ही एकात. एकाच वेळी बरीच कामं चालवणाऱ्याने आय७-२६०० शोधावा, चार कोर आणि आठ थ्रेड.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोघंही एकाच नावेत आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जोडतोड करून ते बसवता येतं, पण उद्या अपडेट आलं नाही तर तक्रार करायला जागा नाही. मामांच्या दुकानात आम्ही वाटणी केली. या मशीनवर टॅली आणि हिशोबपट्ट्या. बँकेचे व्यवहार भावाच्या नव्या लॅपटॉपवर. ज्यांना टॅली लागत नाही, नुसतं ब्राउझर आणि मराठी टायपिंग हवं, त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावं. आठ जीबी आणि एसएसडीवर दोन्ही प्रोसेसर ते आनंदाने चालवतात.

चाचणीचे आकडे मी एका कागदावर लिहून, तारीख टाकून, कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले. नव्या हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हापासून मेअखेरपर्यंत महिन्यातून एकदा झाकण उघडायचं, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि ब्लोअर मारायचा. मग सेव्हन-झिप चार थ्रेडवर एकदा लावून कागदाशी ताडून बघायचं. मागच्या महिन्यात मामांनी हे स्वतः केलं आणि फोन करून आकडा सांगितला. थोडा कमी होता. मी विचारलं, "मामा, यूट्यूब बंद केलं होतं का?"

"भजन चालू होतं की."